केशरचे पंख

सामंत काकू दोन महिन्यांनी बंगलोरहून परत आल्या, लेकीचं बाळंतपण उरकून, आणि चपला काढायच्या आधी सरळ माझ्या गॅलरीत गेल्या. पिंजऱ्यापाशी वाकल्या, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. मी आत चहाचं आधण ठेवत होते, तिथवर ऐकू आलं, "अगं, हा पिवळा कसा पडला?" मी काहीतरी बोलले, यंदा पाऊस फार, ऊनच नाही, पंख झडायचा सीझन, असं काहीबाही. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. काकूंनी जास्त विचारलं नाही. म्हैसूरपाकाचा डबा माझ्या हातात ठेवला, पिंजरा उचलला आणि जिना उतरून गेल्या. तो डबा मी चार दिवस उघडला नाही.

केशर म्हणजे काकांचा कॅनरी. 'रेड फॅक्टर' म्हणतात त्या जातीचा, म्हणजे आपल्या डोळ्यासमोर कॅनरी म्हणून जो पिवळाधमक पक्षी येतो तसा नाही, लालसर भगवा, पिकलेल्या पायरीच्या देठाकडचा असतो ना तसला रंग. काका रिटायर झाले तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःला गिफ्ट दिला. आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी सात वाजता पाण्याची मोटर, दूधवाला आणि केशर असे तीन आवाज ठरलेले. जाताना काकांनी वहीच्या पानावर सूचना लिहून दिल्या होत्या, त्यांच्या त्या बारीक, इंजिनिअरच्या अक्षरात. बिया किती, राळा किती, पाणी दोनदा, रात्री कापड टाकणे. आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं: पंख झडायला लागले की डबीतली लाल पावडर चिमूटभर, उकडलेल्या बलकात कालवून, रोज, चुकवू नये. मी विचारलं हे औषध का, तर म्हणाले, "औषध नाही गं, रंगाचं खाणं."

श्रावण लागता लागता पंख झडायला लागले. रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाच्या वर्तमानपत्रावर चारसहा पिसं. मी मुकाट्याने पावडर कालवायला घेतली. ती पावडर फार विचित्र असते, दिसते गडद किरमिजी पण ओल्या बलकाला लागली की एकदम भडक होते, कुंकवासारखी, आणि अंगठ्याला चिकटली की दोन दिवस जात नाही. बँकेत काउंटरवर एका बाईंनी विचारलंसुद्धा, मतदान करून आलात का, म्हटलं नाही हो, पक्ष्याचं जेवण. आठवडाभर दिली. एक दिवस बघितलं तर केशरची शीसुद्धा लालसर. आणि त्या दिवशी मला मुनिया आठवल्या.

आजोळी, मिरजेला, आम्ही पाचवी-सहावीत असताना बाजारात एक माणूस बांबूचा चपटा पिंजरा घेऊन बसायचा. आत पन्नासेक चिमुकले पक्षी, हिरवे, गुलाबी, पिवळे, होळीतून उठून आल्यासारखे. मी आणि दादाने हट्ट करून चार हिरवे घेतले. आजी म्हणत होती नको, आजोबा घ्या म्हणाले, आणि घरी आणल्यावर दादाने त्यांना आंघोळीला ताटलीत पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीतलं पाणी हिरवंगार आणि पक्षी मातकट तपकिरी. सगळ्यात वाईट म्हणजे त्यातला एक खालून लाल निघाला. पावसाळ्यात गवतात दिसतो तो लाल मुनिया, अंगावर पांढरे ठिपके, चोच लालभडक, मुळातच इतका देखणा पक्षी. त्याला कोणीतरी हिरवा रंगवला होता. दोन तिसऱ्या दिवशी गेले, उरलेले दोन आजीने आम्हाला न विचारता विहिरीकडच्या गवतात सोडून दिले. आता आपल्याकडच्या रानपक्ष्यांच्या विक्रीवर बंदी आहे, निदान कागदावर तरी.

तर मला वाटलं केशरचंही तेच. पावडर बंद केली.

कोणालाच सांगितलं नाही. बलक देत होते, गाजर किसून देत होते, पावडरीची डबी मात्र फ्रिजवर ठेवून दिली. त्यावेळी मला आतून फार बरं वाटत होतं हे कबूल करते, जणू मी त्याला कुठल्यातरी फसवणुकीतून सोडवत होते. गणपती आले, गेले, केशरला नवीन पिसं आली. मान आधीची, अजून लाल, खांदे लाल, आणि छाती तोतापुरीसारखी, फिकट, मधे मधे ठिगळं लावल्यासारखी. मग काकू आल्या आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाईल घेऊन बसले, म्हटलं बघू तरी ही भानगड काय आहे. आणि कळलं की मी चुकले होते. म्हणजे पूर्ण नाही, पण बरीच. केशरच्या पिसांवर बाहेरून कोणी रंग मारलेला नव्हता. पक्षी खातो त्यातलं पिवळं रंगद्रव्य शरीरात लाल करून घ्यायची सोय त्याच्यात मुळात असते, पावडरीतून त्याला तयार लाल रंगही मिळतो. आणि पीस वाढत असतानाच तो रंग आत शिरतो, एकदा पीस तयार झालं की मग काही करा, पुढच्या वर्षीपर्यंत तेच. पण साध्या कॅनरीत ही सोय नसतेच. ती आली व्हेनेझुएलातून, एका दुसऱ्याच पक्ष्याकडून.

त्याचं इंग्रजी नाव रेड सिस्किन, व्हेनेझुएलात त्याला कार्देनालितो म्हणतात, छोटा कार्डिनल, चर्चमधल्या लाल झग्याच्या कार्डिनलवरून. आकार आपल्या मुनियेएवढा, दहा सेंटीमीटर. नराचं डोकं काळंकुट्ट, बाकी अंग शेंदरी, पंख-शेपटी काळी. मादी राखाडी, छातीवर आणि पाठीच्या खालच्या बाजूला लालसर झाक, स्वयंपाक करताना पदराला तिखट लागावं तशी. १९२० च्या दशकात जर्मनीत ब्रेमेनमध्ये हान्स डुंकर नावाचा एक शाळामास्तर होता, त्याला खूळ लागलं की लाल कॅनरी करायचा. त्याचा दोस्त कार्ल राइश, तो कॅनऱ्यांना नाइटिंगेलचं गाणं शिकवण्यात पटाईत. या दोघांनी सिस्किनचे नर पिवळ्या कॅनरी माद्यांशी जुळवले, पिल्लं निघाली तांबूस, मग त्यांची परत कॅनरीशी जोडी, परत, परत. डुंकरला वाटायचं सगळं रक्तात असतं, अनुवंशात असतं (तो माणूस माणसांबद्दलही असाच विचार करायचा, वंशशुद्धीवाला होता, त्यामुळे मला त्याच्याबद्दल फार प्रेम वाटलं नाही), आणि त्याचे पक्षी कायम भगव्यावर अडायचे, लाल होईनात. खाण्याचाही वाटा असतो हे नंतरच्या लोकांना कळलं. आणि २०१६ साली तो नेमका जनुकच सापडला, सिस्किनकडून कॅनरीत आलेला, पिवळ्याचं लाल करणारा.

म्हणजे डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या गॅलरीत, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या बाजूला, व्हेनेझुएलातल्या डोंगरउतारावरचा एक तुकडा गात होता. आणि मी त्याचं खाणं फ्रिजवर ठेवून दिलं होतं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं पण थांबले नाही. पुढे वाचलं ते असं की लाल कॅनरीचं वेड पसरलं तसे जंगलातले सिस्किन धरधरून विकले गेले. व्हेनेझुएलात १९४० च्या दशकापासून कायद्याने संरक्षण आहे पण पकडणं थांबलं नाही, कारण एका नराला मिळणारे पैसे आणि तिथल्या गरिबाची मजुरी यांचा काही मेळच नाही. त्रिनिदादमधून तो गेला. आता जागतिक यादीत 'धोक्यात' म्हणून आहे. सगळीकडे असं वातावरण असताना २००० साली एप्रिलमध्ये गयानाच्या दक्षिणेला रुपुनुनीच्या गवताळ माळावर काही अभ्यासकांना तो अचानक दिसला, जिथे तो असेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, व्हेनेझुएलातल्या त्याच्या घरापासून हजारेक किलोमीटरवर. तिथल्या वापिशाना आदिवासींच्या गावांतल्या लोकांनी मग त्याच्या राखणीसाठी संस्था काढली, दक्षिण रुपुनुनीची, आणि आजही ती माणसं माळावर फिरून पक्षी मोजतात.

आणि मग ती नोट. मी बँकेत आहे, नोटा बघायची सवय, त्यामुळे फोटो दिसला तसा थांबला हात. २००८ साली व्हेनेझुएलाने नवीन नोटा काढल्या, त्यात शंभर बोलिव्हारच्या नोटेच्या मागच्या बाजूला हाच कार्देनालितो, मागे आविलाचा डोंगर. आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिथले तेव्हाचे अध्यक्ष मादुरो यांनी जाहीर केलं की शंभरची नोट बहात्तर तासांत बाद. सीमेवर नोटा साठवणाऱ्या टोळ्यांना दणका म्हणून. डिसेंबर २०१६! आपल्याकडे आठ नोव्हेंबर झाला त्याला जेमतेम महिना. मी तेव्हा काउंटरवर होते. सकाळी साडेसातला शटरबाहेर रांग, एक आजोबा डब्यातून नोटा घेऊन आलेले, त्या नोटांना हळदीचा वास, पाठ दुखून दुखून मी उभ्यानेच मोजायला लागले होते. त्याच सुमारास तिकडे कराकसमध्ये माझ्यासारखीच कोणीतरी बाई शंभराचे गठ्ठे मोजत असणार, प्रत्येक नोटेवर तोच लाल पक्षी. त्यांच्याकडे तर दंगे झाले, दुकानं लुटली, मग मुदत वाढवली, परत वाढवली. पण नोटेची किंमत महागाईने आधीच संपवलेली होती. खऱ्या पक्ष्याला डॉलरमध्ये भाव आणि चित्रातल्या पक्ष्याला चार चॉकलेटं येत नाहीत.

दुसरा पक्षी मला या सगळ्याच्या शेवटी भेटला, रात्री दीड-पावणेदोनला, ब्राझीलमध्ये. बोट कुठूनतरी कुठेतरी सरकतं तसं सरकलं आणि त्याचं नाव वाचून मी उठून बसले. पोर्तुगीजमध्ये त्याला म्हणतात साइरा-आपुन्यालादा. साइरा म्हणजे टॅनेजर जातीचा छोटा पक्षी, आणि आपुन्यालादा म्हणजे खंजीर खुपसलेली. पोट पांढरं, पाठ राखाडी, डोळ्यांवरून काळी पट्टी, डोळा अंबरासारखा, आणि गळ्यावर लाल डाग, छातीकडे ओघळलेला. इंग्रजीत त्याला चेरीची उपमा दिलीय, चेरी-थ्रोटेड. एकाच डागात एकाला फळ दिसतं आणि एकाला खून. आपल्याकडे असता तर बहुतेक कुठल्यातरी देवाने विष प्यायलं असतं आणि पक्ष्याला पुण्य मिळालं असतं.

या पक्ष्याची कथा म्हणजे नुसती गैरहजेरी. १८७० मध्ये बर्लिनच्या काबानिस नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने एका मेलेल्या पक्ष्यावरून त्याची नोंद केली. एकच नमुना. मग एकाहत्तर वर्षं काही नाही. १९४१ साली हेल्मुट सिक नावाच्या जर्मन पक्षीशास्त्रज्ञाला एस्पिरितो सांतो राज्यात आठ पक्षी दिसले. (पुढच्याच वर्षी युद्धामुळे ब्राझीलने त्याला जर्मन म्हणून कैदेत टाकलं आणि तिथे तो वाळवीचा अभ्यास करत बसला. असा माणूस मला आवडतो.) त्यानंतर परत सत्तावन्न वर्षं काही नाही, लोकांनी आशा सोडलेली, आणि १९९८ च्या फेब्रुवारीत त्याच राज्यात कोन्सेसाव दो कास्तेलोजवळ एका फार्मच्या उरल्यासुरल्या जंगलात तो परत दिसला. आता माहीत असलेले पक्षी किती, तर वीसच्या आसपास. आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट चोवीस आहेत.

वीस.

त्याला कोणी धरलं नाही, विकलं नाही, नोटेवर छापलं नाही. त्याच्या गाण्याची कोणी स्पर्धा लावली नाही, टोपीत पीस खोवलं नाही. तो उंच झाडांच्या शेंड्यांवर असतो, शेवाळलेल्या फांद्यांवर किडे शोधत, दुसऱ्या पक्ष्यांच्या घोळक्यात मिसळून. नऊशे-हजार-बाराशे मीटर उंचीवरचं ओलं जंगल त्याला लागतं, आंबोलीला पावसाळ्यात झाडांना जशी दाढी येते तशी दाढीवाली झाडं, त्याच दाढीचं तो घरटं करतो. आणि ते जंगल बाकीच्या अटलांटिक जंगलासारखंच कापलं गेलं, कॉफीसाठी, गुरांसाठी, निलगिरीसाठी. कोणाचा त्याच्यावर राग नव्हता, लोभ नव्हता, कोणाला तो माहीतच नव्हता. आता तिथे एक संस्था त्याच्यामागे उभी आहे, खास त्याच्यासाठी जंगल विकत घेऊन राखीव केलंय, घरटं सापडलं की माणसं खाली बसून लक्ष ठेवतात. उरलेल्यातले काही सांता तेरेझाच्या अभयारण्यात दिसले, त्या अभयारण्याला नाव आहे आउगुस्तो रुस्की यांचं, हमिंगबर्डवाले शास्त्रज्ञ. आणि हे रुस्की ब्राझीलच्या पाचशेच्या नोटेवर होते, १९९० च्या. तीही नोट महागाईत वाहून गेली. मी हसले एकटीच, दीड वाजता.

तर मी या दोघांना मनात शेजारी शेजारी ठेवायला लागले. दोघंही लाल-काळे, दोघंही मुठीत मावतील एवढे, पहिल्याला जीव लावून लावून संपवलं आणि दुसऱ्याला न बघता. पण सरळ असं म्हणून होत नाही ना. कारण त्याच पिंजऱ्यांत, युरोपात, अमेरिकेत, हौशी लोकांकडे सिस्किन पिढ्यान्‌पिढ्या वाढतायत. त्यातले बरेच कॅनरीशी मिसळलेले असू शकतात, म्हणून आता तपासण्या करून शुद्ध कोण ते बघतात (परत तोच शब्द, शुद्ध, डुंकरला आनंद झाला असता), पण त्यांच्यातून काही पक्षी वाढवून परत डोंगरात सोडायचा विचार चालू आहे. ज्या हौसेने जंगल रिकामं केलं त्याच हौसेच्या कपाटात थोडी शिल्लक आहे. आपुन्यालादाची अशी शिल्लक कुठेच नाही. कोणाच्या गॅलरीत तो नाही, कोणाच्या कॅनरीत त्याच्या गळ्याचा डाग नाही. मला पिंजरा आवडत नाही, मिरजेच्या त्या ताटलीनंतर तर नाहीच, आणि तरी मध्यरात्री मी मनातल्या मनात म्हणत होते की कोणीतरी, कधीतरी, याच्याही मागे लागायला हवं होतं, थोडंसं. हे असं वाटणं बरोबर आहे का मला कळत नाही. बहुतेक नाही.

आणि ती कॉफी. व्हेनेझुएलात सिस्किनसाठी काम करणारे लोक शेतकऱ्यांना सांगतात की कॉफी लावा पण सावलीत लावा, वरची झाडं तोडू नका, त्यांच्यात पक्षी राहतो. म्हणजे एकीकडे कॉफीने आपुन्यालादाचं छप्पर नेलं आणि दुसरीकडे कॉफीच्याच भरवशावर सिस्किनचं छप्पर टिकवायचंय. सकाळी उठून मी चहाच केला. आमच्या घरी कॉफी फक्त उपासाला आणि पाहुण्यांना, पण उगाच डबा उघडून वास घेतला.

पाचव्या दिवशी मी म्हैसूरपाक उघडला, दोन तुकडे खाल्ले आणि खाली गेले. काका पेपर वाचत होते, केशर खिडकीत. ठिगळाठिगळाचा, पण गात होता जोरात, त्याला काय पडलंय. मी डबी परत दिली आणि सांगून टाकलं, पावडर मी मुद्दाम बंद केली, मला वाटलं रंग मारताय. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. काका काही बोलले नाहीत आधी, डबी हलवून बघितली किती उरलीय ते. मग म्हणाले, "अगं, मला त्या दुकानदाराने सांगितलं द्या म्हणून मी देतो. मला कुठे माहितीये लाल का होतो." मग मी सांगितलं सगळं, व्हेनेझुएला, मास्तर, नोट, रुपुनुनीचा माळ, आणि मग सांगता सांगता आपुन्यालादाचंही. काकूंना नोटाबंदीचं जास्त इंटरेस्टिंग वाटलं, त्यांच्या नणंदेच्या कपाटात तेव्हा साड्यांच्या घडीत सतरा हजार निघाले होते, ते नणंदेच्या नवऱ्याला माहीत नव्हते, ती गोष्ट परत एकदा झाली. काका मात्र पक्ष्याकडेच बघत बसले होते. म्हणाले, "म्हणजे याचा कोणी खापरपणजोबा तिकडचा." मी म्हटलं हो, तसंच काहीसं. "आणि तो दुसरा, खंजीरवाला? त्याचं कोण आहे?" मी म्हटलं, वीस जण.

निघताना काकांनी डबी परत माझ्याच हातात दिली. म्हणाले पुढच्या श्रावणात आम्ही परत बंगलोरला, बाळाचा पहिला वाढदिवस आहे, तेव्हा केशर तुझ्याकडेच. द्यायची का नाही ते तू ठरव, एवढं वाचलंयस तर.

डबी परत फ्रिजवर आहे. एक सांगायचं राहिलं, त्यांनाही सांगितलं नाही. पंख झडत होते तेव्हा रोज सकाळी वर्तमानपत्र बदलताना मी लाल पिसं वेगळी काढत होते, का ते तेव्हा कळलं नव्हतं. जुन्या पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये ठेवलीयत. काल मोजली. सात आहेत, आणि एक बारीकसं, अर्धं लाल, बुडाशी करडं.